तुमच्या फरशीवर माझ्या हातची हळद

अक्का, कालही तीन बाया तुमच्या डागाच्या पाया पडून गेल्या. कुरुंद्याहून मुद्दाम ऑटो करून आल्या होत्या. दारात चपला काढल्या, हॉलमध्ये शिरल्या, वाकून डागाला हात लावला आणि तोच हात कपाळाला लावला. त्यातली एक मला म्हणाली, "इथंच ठिवलं व्हतं का त्यायला?" मी म्हटलं, "व्हय." मग ती बाकीच्या दोघींकडे वळून म्हणाली, "भाग्याची बाई. नवऱ्याआधी अहेव गेली, अन् जाता जाता घरात खूण ठिवून गेली." मी पदर तोंडाला लावला. त्यांना वाटलं मला रडू आलं. रडू नव्हतं. मी त्यांना चहा केला आणि चहात साखर टाकायला विसरले.

तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. तेराव्याला जमलेल्या लोकांनी तुमच्याबद्दल फार चांगलं सांगितलं. घर एकत्र ठेवलं म्हणाले, धाकट्या जावेला लेकीसारखं वागवलं म्हणाले. ती धाकटी जाऊ तिथेच पत्रावळ्या मोजत बसली होती, तिला कुणी विचारलं नाही. मला तिथे बोलता आलं नाही. पण अंगणवाडीची रजिस्टरं भरून भरून हाताला लिहायची सवय आहे, म्हणून माझ्या शीतलच्या जुन्या वहीतल्या कोऱ्या पानांवर हे लिहिते आहे. आता शांतपणे ऐकून घ्या. जिवंत होता तोवर माझं एक वाक्य तुम्ही पुरं होऊ दिलं नाहीत.

तुमचा डाग तुमच्या फरशीवर पडलाय, हे आधी सांगते. आणि ती फरशी तुमचीच होती, घरातल्या दुसऱ्या कुणाची नव्हती. जुनं घर पाडून नवं बांधायचं ठरलं तेव्हा मी वसमतला जाऊन टाइल्स बघून आले होते. साय रंगाच्या, कोपऱ्यात बारीक फूल. नमुना म्हणून एक तुकडा पिशवीत घालून आणला होता. तो तुम्ही हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि शेगडीवरचा तवा त्याच्यावर टेकवला. तुमच्या भाच्याच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये तुम्ही काहीतरी भलतंच पाहून आला होता. "आख्ख्या घरात एकच जमीन. सांधा न्हाई, नक्षी न्हाई. नुसती गुळगुळीत." मामंजी तेव्हा होते. ते म्हणाले, "म्हंजे कोबाच म्हन की. गोठ्यात हाय तसा." सगळे हसले. तुम्ही रागाने म्हणालात, "मामंजी, त्याला पॉलिश काँक्रीट म्हंत्यात." मग तर सगळे आणखीच हसले. सगळ्यात जास्त मी हसले, आणि ते तुम्ही मनात ठेवलंत.

फरशी करायला वसमतचे सलीमभाई आले. ते हळदीच्या गोदामांच्या जमिनी करायचे. "वैनी, गोदामात करतो मी हे. घरात कुनी करून घेत न्हाई," असं त्यांनी दोनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, "मंग आमी पैले." काँक्रीट टाकून झाल्यावर मातीचे बांध घालून त्यात पाणी कोंडलं आणि तीन आठवडे आपण सगळे गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली राहिलो. तुम्ही दारात खुर्ची टाकून हातात काठी घेऊन बसायचा, कोंबडी आत जाऊ नये म्हणून. पाहुणे आले तर त्यांनाही तुम्ही त्याच काठीने दिशा दाखवायचा. मग सलीमभाईंनी मशीन आणलं. जाड दगडाने घासलं, मग मध्यम, मग बारीक. प्रत्येक वेळी सिमेंटचा राखाडी गाळ निघायचा आणि तो आपण दोघी घमेल्यांनी बाहेर टाकायचो. तुम्ही पुढचं घमेलं उचलायचा, मी मागचं. त्या आठ दिवसांत आपलं एकदाही भांडण झालं नाही. दोघींच्याही अंगात भांडायचा जोर उरला नव्हता.

शेवटचं घासणं झालं, वरून औषध मारलं आणि आतले काळे खडे वर आले. बाहेरचं दार उघडलं की आभाळ जमिनीवर दिसायला लागलं. अक्का, ती फरशी सुंदर होती. हे मी तुमच्या तोंडावर कधी बोलले नाही. आज लिहिते, कारण आता तुम्ही त्याचा उपयोग करून घेऊ शकत नाही.

मग तुमचे नियम सुरू झाले. हॉलमध्ये लिंबू कापायचं नाही, लिंबू पॉलिश खातं. चिंचेचं पातेलं आणायचं नाही. खाट ओढायची नाही, उचलायची. फिनेल नाही, साबण नाही, फक्त साधं पाणी आणि मऊ फडकं. नियम तुम्ही करायचे आणि फडकं मी मारायचं. आठ वर्षं मी त्या फरशीवर गुडघ्यांवर फिरले, आणि तुम्ही दिवाणावर बसून मला राहिलेली जागा बोटाने दाखवायचा. गावातल्या बाया घर बघायला आल्या की तुम्ही म्हणायचा, "निगा लई राखावी लागती बाई." कोण राखतं, ते तुम्ही एकदाही सांगितलं नाही.

तुमचं काही चांगलं आठवायचं म्हटलं तर तेही येतं, आणि त्याचाही मला रागच येतो. माझी गर्भाची पिशवी काढली तेव्हा दोन महिने घरातलं फडकं तुम्ही मारलं. तोंडातून ब्र काढला नाही. माझ्यासमोर काढला नाही म्हणजे. बाहेर पूर्ण गल्लीला सांगितलं. मे महिन्यात दुपारी पंखा बंद पडला की आपण दोघी त्या गार जमिनीवर आडव्या व्हायचो. तुमचं डोकं देवघराकडे, माझं दाराकडे. तुम्ही डोळे मिटून म्हणायचा, "सांग आता, टाइल असती तर इतकी गार राह्यली असती का?" मी झोपेचं सोंग घ्यायची.

आणि शीतल. तिच्या वेळी मला ताप धरला आणि दूधच आलं नाही. तुमचा निखिल तेव्हा पाच महिन्यांचा. त्याला एका अंगाला आणि माझ्या लेकीला दुसऱ्या अंगाला घेऊन तुम्ही बसायचा. माझी लेक चाळीस दिवस तुमच्या दुधावर जगली. ती बोलायला लागल्यापासून तुम्हाला मोठी आई म्हणते. मोठी तुम्ही, मी नुसती आई. हे उपकार मला कधी फेडता आले नाहीत, आणि तुम्ही ते कधी बोलून दाखवले नाहीत. बोलून दाखवले असते तर बरं झालं असतं. मला भांडता आलं असतं.

म्हणूनच तिच्या लग्नात तुम्ही जे केलंत ते मला पचलं नाही. दुसऱ्या कुणी केलं असतं तर विसरले असते. तीन वर्षं झाली. हळदीचा दिवस होता, चौरंग देवघरासमोर मांडला होता. आपल्या घरात सगळ्या पोरींची हळद देवापुढेच लागली. आपल्या दोन्ही नणंदांची लागली, त्या तशा सांगतात. तुम्ही स्वयंपाकघरातून बाहेर आलात, हळदीचं पातेलं पाहिलंत आणि म्हणालात, "हितं न्हाई."

मला वाटलं चौरंग थोडा सरकवायचाय. मी म्हटलं, "मंग कुठं?"

"भाईर. मांडवात."

"अक्का, देवापुढं लावायची असती."

"देवाला काय मांडवातलं दिसत न्हाई का? फरशीवर एक थेंब पडला तर जलमभर जायचा न्हाई. सलीमभाईनं सांगितलंय."

पाहुण्या बायांसमोर मी काय बोलणार? माझी लेक चौरंगावरून उठली. स्वतःच चौरंग उचलून बाहेर घेऊन गेली. मांडव गल्लीत घातलेला, हळद काढणीचे दिवस, शिजवायला चाललेल्या हळदीचे ट्रॅक्टर एकामागे एक. एक ट्रॅक्टर येऊन मांडवाच्या तोंडाशी थांबला आणि हॉर्न वाजवायला लागला. माझी लेक अंगाला हळद लावून धुळीत बसली होती, बाया ओव्या म्हणत होत्या आणि मध्येमध्ये हॉर्न. तुम्ही दारात पोती अंथरली होती आणि बादली घेऊन आत येणाऱ्या प्रत्येकीचे पाय धुवून घेत होता. नवरी आत आली तेव्हा तिचेही पाय धुतलेत. घोट्यापर्यंत हळद होती, ती सगळी बादलीत गेली. हळदीचा व्यापार करणारं घर, हळदीने बांधलेलं घर, आणि घरच्या पोरीची हळद उंबऱ्याबाहेर. त्या दिवसापासून मी तुमच्याशी कामापुरतं बोलले. तेही तुमच्याकडे न बघता. तुम्हाला ते कळलं होतं. तुम्ही कधी विचारलं नाही, काहून बोलत न्हाईस म्हणून. एकदा विचारायचं होतं, अक्का.

मग तुम्ही नांदेडच्या दवाखान्यातून गाडीत आडव्या आलात.

मोठे भाऊजी, तुमचे मालक, अंगणात बसले होते, भोवती सगळी गडीमाणसं. बायकांना आडोसा हवा म्हणून तुम्हाला हॉलमध्येच घेतलं. खिडक्या लावल्या, साड्यांचे पडदे धरले. सवाष्ण गेलेली, तिला हळदीने न्हाऊ घालायचं, हिरवं लुगडं नेसवायचं, कपाळभर मळवट भरायचा. आपली धाकटी नणंद म्हणाली, "खाली ताडपत्री टाका गं. अक्काची फरशी हाय." सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, ताडपत्री कुठे आहे ते मलाच माहीत होतं. मी म्हटलं, "कशाला ताडपत्री? माणूस जमिनीला टेकलंच पायजे." ती तोंडातल्या तोंडात म्हणाली, व्हय, ते बी खरं. मी रीत सांगितली आणि सगळ्यांनी मान डोलावली. ताडपत्री कोठीत दाराच्या मागेच होती.

आपल्याच शेतातली, आपल्याच घरात दळलेली हळद मी कालवली. दोन मुठी पुरल्या असत्या, मी पाच घेतल्या. तुमच्या कपाळाला लावली, गालाला लावली, हातांना लावली. हात थंड होते. तुमच्या तळपायांना लावताना ती खाली ओघळली, आणि मी ती पुसली नाही. मी तिच्यावर तळहात ठेवला आणि दाबून फिरवला. सगळ्या रडत होत्या, मीही रडत होते, आणि रडता रडता मी तुमच्या फरशीत हळद घासत होते. जोर लावून, आठ वर्षं फडकं मारलं त्याच हाताने. तुमचे पाय माझ्या मांडीवर होते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. शीतलला तर नाहीच.

तिसऱ्या दिवशी आपल्या धाकट्या नणंदेला राहवलं नाही, तिने डागावर धुण्याचा सोडा टाकून ब्रशने घासलं. डाग लालभडक झाला. आता हळदीला सोडा लागला की ती लाल होते, हे आपल्याकडच्या दहा वर्षांच्या पोरीलाही ठाऊक असतं. पण त्या वेळी घरात बसायला आलेल्या बायांपैकी एक किंचाळली, "अगं, कुंकू उमटलं!" आणि झालं. त्या दिवसापासून रांग लागली. लिंबू फिरवलं असतं तर रंग परत पिवळा झाला असता, पण लिंबू पॉलिश खातं. बघा, तुमचा नियम मी अजून पाळते आहे. लोक माझ्या रागाला हात लावून कपाळाला लावतात, आणि मी त्यांना चहा देते.

शीतल हट्टा गावाला, सासरी परत जायच्या आधी त्या डागाजवळ बराच वेळ बसली होती. मी धीर करून म्हटलं, "तुझी हळद भाईर लावली तवा तुला लई वाईट वाटलं असंल."

ती माझ्याकडे वळली. "मला? न्हाई गं. वाईट तुला वाटलं व्हतं. मला तर तो ट्रॅक्टरवाला आठवतो. मोठी आई पाय धुवायचं सोडून बादली घेऊन गेली त्याच्या अंगावर. त्याला काय शिव्या देल्या तिनं! पार मागं नेला त्यानं ट्रॅक्टर."

मी तेव्हा मांडवात होते. हॉर्न बंद झाल्याचं मला आठवतं. कुणी बंद केला ते मी वळून पाहिलं नव्हतं. शीतल रडत रडत हसत होती, आणि मला तिला सांगायचं होतं की हा डाग मी पाडलाय. नाही सांगता आलं. तिला पिशवी भरून दिली आणि एसटीत बसवून आले.

आज सकाळी सलीमभाई आले. मोठ्या भाऊजींनीच बोलावलं. ते म्हणाले, "तिला फरशीवर डाग चालत नव्हता. काढून टाका." सलीमभाई आता म्हातारे झालेत, गुडघे धरून खाली बसले. डागावरून तळहात फिरवला, नखाने खरवडून बघितलं. भाऊजी फोन घ्यायला बाहेर गेले तसे ते मान वर न करता हळूच म्हणाले, "वैनी, ही सांडलेली न्हाई. घासलेली हाय."

मी म्हटलं, "व्हय." सोळा दिवसांत पहिल्यांदा कुणाला तरी खरं सांगितलं.

त्यांनी बोटाने डागाची कड मोजली. म्हणाले, "मशीन लावतो, डाग जाईल. पन तितकी जागा खाली बसंल, आतली गिट्टी उघडी पडंल. रंग बराबर जुळायचा न्हाई. जलमभर दिसंल." मग त्यांनी समोरच्या खिडकीकडे पाहिलं. त्या दिवशी आडोशासाठी लावलेली ती खिडकी, तेव्हापासून कुणी उघडलीच नव्हती. ते उठले, खिटी काढली, दोन्ही दारं ढकलली. ऊन थेट डागावर आलं. "मशीन काहून लावायची? हळद हाय ना ही? तुमी हळदीची मान्सं, अन् मी सांगू व्हय तुमाला? ऊन दाखवा. पंधरा-वीस दिवसांत आपोआप जाती."

"पन तुमीच अक्काला सांगितलं व्हतं, जलमभर जात न्हाई म्हनून."

"मी तेलाचं सांगितलं व्हतं, वैनी. तेल जात न्हाई. हळदीचं मला कोन इचारलं?"

मी भिंतीला टेकून बसले. अक्का, दरवर्षी वाळलेली हळद पॉलिशच्या ड्रममध्ये घोळून निघाली की आपल्या दोघींची लुगडी पिवळी व्हायची. एक टोक तुमच्या हातात, एक माझ्या, पिळून तारेवर टाकायचो आणि संध्याकाळपर्यंत उन्हाने पिवळं उडून जायचं. सत्तावीस वर्षं. तुम्हाला माहीत होतं. मलाही माहीत होतं. तरी त्या दिवशी देवघरासमोर उभं राहून तुम्ही म्हणालात जलमभर जायचा न्हाई, आणि मी ते खरं मानून गप्प बसले. एका वाक्याचं काम होतं: अक्का, हळद उन्हाने जाती. एवढं बोलले असते तर माझी लेक देवापुढे बसली असती. मला ते सुचलंच नाही. तुम्हाला तरी सुचलं होतं का? सुचूनही तुम्ही तिला बाहेर काढलंत, की तुमच्याही डोक्यात त्या वेळी फक्त फरशी होती? हे मला कळायला हवं आहे. सुचलं असेल तर तुम्ही फार वाईट बाई होता. सुचलं नसेल तर आपण दोघीही सारख्याच मूर्ख, आणि तीन वर्षांचा अबोला मी फुकट धरला. तीन वर्षं कमी नसतात. त्या तीन वर्षांत मे महिन्यातल्या एकाही दुपारी मी तुमच्या शेजारी आडवी झाले नाही.

तुम्ही असता तर आत्ता या प्रश्नावरूनही मला गप्प केलं असतंत. आवाज चढवून, बोट दाखवून, "तुला काय कळतंय" म्हणून. मी चालवून घेतलं असतं. खरंच सांगते, आज चालवून घेतलं असतं.

भाऊजींना सलीमभाईंनी जाताना सांगितलं, रोज खिडकी उघडी ठेवा, पंधरा-वीस दिवसांत फरशी होती तशी होईल. भाऊजी हो म्हणाले. लगेच खिडकीच्या दाराला दोरी बांधली, वाऱ्याने लागू नये म्हणून, आणि शेतात गेले. मी दारात उभी राहून ते वळणाच्या पलीकडे जाईपर्यंत पाहिलं. मग आत आले, दोरी सोडली आणि खिडकी लावून घेतली. उद्याही लावणार आहे. हा डाग गेला तर या घरात तुमच्याशी भांडायला माझ्याकडे काहीच उरत नाही.